देवघरातली सिंहवाली

आमच्या गावच्या देवघरात खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली एक गोल तबकडी आहे. चहाच्या बशीएवढी, काशासारख्या रंगाची. तिच्यावर एक उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. आम्ही मुलं तिला सिंहवाली म्हणायचो. आईच्या मते ती तुळजापूरची, शेजारच्या मावशींच्या मते सप्तशृंगी. घटस्थापनेच्या आधी सगळे देव चिंचेनं घासले जातात, त्यात तीही घासली जाते. तीन-चार पिढ्यांच्या घासण्यानं तिचं तोंड सपाट झालंय आणि कडेनं काही इंग्रजी अक्षरं होती, तीही झिजलीत. देवीच्या टाकावर इंग्रजी कशाला, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. मलाही नाही, आणि मी तर इंग्रजी माध्यमातली.

नोकरीमुळे मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मैत्रिणींबरोबर बेल्जियममधलं पहिल्या महायुद्धाचं एक संग्रहालय बघायला गेले. बाहेर पाऊस होता म्हणून आत शिरलो, एवढंच. तिथं काचेच्या कपाटात आमची सिंहवाली उभी. एक नाही, ओळीनं चार.

खालची पाटी वाचली. बाईचं नाव ब्रिटानिया, आपली भारतमाता तशी ब्रिटनची प्रतीकमूर्ती. युद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी ब्रिटिश सरकारनं असं एक ब्रॉन्झचं पदक पाठवलं होतं, व्यास १२ सेंटिमीटर. अशी १३ लाखांहून जास्त पदकं ओतली गेली. नमुन्यासाठी स्पर्धा ठेवली, ८०० च्या वर नमुने आले आणि एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराचा निवडला गेला. तळाशी दुसरा एक छोटा सिंह एका पक्ष्याला फाडतोय. आम्ही तो गंडभेरुंडाचा काहीतरी प्रकार समजत होतो, तो पक्षी निघाला जर्मन गरुड. कडेनं लिहिलंय की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. ब्रिटानियाच्या हाताखालच्या चौकटीत मेलेल्याचं नाव, हुद्दा न घालता, कारण मेल्यावर सगळे सारखे. गोरे शिपाई या पदकाला ‘डेड मॅन्स पेनी’ म्हणत. मेलेल्याचा पैसा.

तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त तलाठी. सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती धाकट्या आबांची.”

धाकटे आबा म्हणजे अण्णांच्या आजोबांचे पाठचे भाऊ. त्यांच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आलेलं: सफरमैना पलटणीत होते, फ्रान्साला गेले, आले नाहीत. मी लहानपणी ‘मैना’ एवढंच ऐकायचे आणि पक्ष्यांची पलटण डोळ्यांपुढे आणायचे. सफरमैना म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, खंदक खणणारे. त्यातली ३री पलटण, मुंबई इलाख्याची, पुण्याजवळ खडकीला होती. आजचे बॉम्बे सॅपर्स ते हेच.

आबांच्या मागे त्यांची बायको राहिली. तिला सगळं घर काकी म्हणायचं. अण्णा सातवीत असताना ती गेली, त्यामुळे त्यांना ती चांगली आठवते. सिंहवालीची रोजची पूजा काकीच करायची. फूल वाहायची, दिवा लावायची. कुंकू तेवढं लावायची नाही, ते अण्णांची आजी लावायची.

“काकीला माहीत होतं का, ते काय आहे?” मी विचारलं.

“अंगठा दिल्याशिवाय सरकार काही देतं का?” अण्णा म्हणाले. तेवढंच उत्तर.

नाव शोधायचं काम सुरू झालं ते असं. पदकावरचं नाव झिजलेलं. मी म्हटलं, पदक इकडे घेऊन या, इथं कुणाला तरी दाखवू. आईनं साफ नकार दिला. देव असे हलवत नाहीत म्हणाली. मग अण्णांनी आम्ही लहानपणी रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तो उद्योग केला. पातळ कागद, आडवी धरलेली पेन्सिल. डोळ्यांना दिसत नव्हती ती अक्षरं कागदावर उमटली. पहिलं नाव पुरतं, आडनावाची पहिली चार अक्षरं. ते नाव इथं लिहीत नाही. तसल्या नावाचे शंभर तरी लोक आजही सातारा जिल्ह्याच्या मतदार यादीत सापडतील, तेव्हाही असणार, आणि पुढची सगळी अडचण तीच होती.

राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा एक आयोग आहे, १९१७ साली स्थापन झालेला. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक मृताची नोंद शोधता येते. मी आडनाव घातलं, काही नाही. स्पेलिंग बदललं, काही नाही. दोन रविवार असे गेले. मग लक्षात आलं की नोंद करणाऱ्या कारकुनाला आपल्या नावात आडनाव कुठलं हेच कळत नसे, त्यामुळे पुष्कळ भारतीयांचं अख्खं नाव आडनावाच्याच रकान्यात बसवलंय. तसं घातल्यावर माणसं निघाली, पण फार. काही फ्रान्सच्या स्मारकावर, काही बसराच्या. आपले मराठे मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढले आणि मेले, त्यामुळे बसराची यादी लांबलचक.

ऑक्टोबरात आई-अण्णा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आले आणि कामाला शिस्त लागली. मी नावामागे धावत होते. अण्णा म्हणाले, “नावावरून जमीन शोधू नये, गट नंबरावरून शोधावी.” बॅगेतून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात काकीच्या पेन्शनचं बुक. पानं पापडासारखी झालेली, पण पलटणीचं नाव आणि आबांचा नंबर शाबूत. आणि काकीचं नाव. अण्णांना तोवर काकीचं खरं नाव माहीत नव्हतं, बासन सोडल्यावर ते पहिल्यांदा वाचलं म्हणे.

ज्यांची कबर सापडली नाही अशा भारतीयांचं फ्रान्समध्ये स्मारक आहे, त्याची अख्खी यादी मी तक्त्यात उतरवून घेतली. ४,७०० च्या वर ओळी. पलटणीवरून गाळली, मग नंबर. एक ओळ उरली. नाव तेच, आडनावाचं स्पेलिंग पदकापेक्षा वेगळं. अमक्याचा मुलगा, तमकीचा पती, गाव अमुक, सातारा, मुंबई. तमकीच्या जागी काकीचं नाव होतं. गावाचं नाव असं लिहिलेलं की वाचणाऱ्याला ते कर्नाटकातलं वाटावं. तारीख २८ ऑक्टोबर १९१४. स्मारक न्यूव्ह-शापेल.

आईनं काकीचं नाव दोनदा वाचून घेतलं. “बाईला सही येत नव्हती,” म्हणाली, “आणि नाव कुठं जाऊन बसलंय बघ.”

न्यूव्ह-शापेल म्हणजे ‘नवं देऊळ’, चॅपेल या अर्थी. उत्तर फ्रान्सच्या पा-द-काले जिल्ह्यात, ला बासे गावाच्या उत्तरेला पाच किलोमीटरवर. फ्रान्समध्ये आपल्या ग्रामपंचायतीसारखी कम्यून असते, फरक एवढाच की खेडं असो की पॅरिस, सगळ्यांना तेच नाव आणि सगळ्यांना महापौर. १७८९ च्या डिसेंबरातल्या कायद्यानं जुन्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, कम्यून झाल्या आणि देशात आजही सुमारे ३५ हजार आहेत. त्यातली ही एक, सपाट शेतांमधली. हा आर्त्वा प्रांत. तो आधी स्पेनच्या राजाकडे होता, १६५९ च्या पिरेनीजच्या तहानं त्याचा बहुतेक भाग फ्रान्सकडे आला. त्याच वर्षी, त्याच नोव्हेंबर महिन्यात आमच्याकडे प्रतापगडाखाली अफझलखान पडला. हे मी अण्णांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचं लक्ष २८ तारखेवर होतं.

त्या दिवशी काय झालं ते पलटणीच्या रोजनिशीत सापडलं. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात भारतीय पलटणींच्या युद्धरोजनिशा आहेत, त्या स्कॅन करून ठेवल्यात. पेन्सिलीचं गिचमिड अक्षर, जागोजागी चिखलाचे असावेत असे डाग. आम्ही तिघं तीन संध्याकाळी ते वाचत बसलो.

आबांच्या पलटणीच्या कंपन्या ज्यात होत्या ती भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरली. ऑक्टोबरात आघाडीवर. जर्मनांनी न्यूव्ह-शापेल घेतलं आणि ते परत घ्यायला सैन्य पुरेना. मग २८ तारखेला सकाळी ४७वी शीख पलटण आणि खडकीच्या सफरमैनांच्या २० व २१ नंबरच्या दोन कंपन्या पुढे सोडल्या. पूल बांधणाऱ्या, खंदक खणणाऱ्या माणसांना पायदळ म्हणून संगिनी घेऊन धावायला लावलं. सात-आठशे यार्ड सपाट उघडं शेत, आडोसा काही नाही. तरी ते गावात शिरले. घराघरांतून हातघाई झाली, गावच्या मुख्य रस्त्यापर्यंत पोचले. मागून कुमक आली नाही आणि मशीनगनच्या माऱ्यात होते तसे मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे गोरे अधिकारी झाडून सगळे मेले किंवा जखमी झाले. आदल्या दिवशी, २७ ला, जर्मनांनी याच गावावर शिंका आणणारी रासायनिक भुकटी भरलेले तोफगोळे टाकून पाहिले होते. त्या युद्धातला जर्मनांचा तो पहिला असा प्रयोग, पण समोरच्यांना तो जाणवलाच नाही.

रोजनिशीत मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. आपल्या शिपायांचा आकडा आहे. अण्णांनी चष्मा काढला. “आपले इतर अधिकारांच्या रकान्यात गेले,” म्हणाले. ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

त्या वर्षी दिवाळी होऊन जेमतेम नऊ-दहा दिवस झाले होते. हे आईनं पंचांगाच्या हिशेबानं काढलं.

अण्णांच्या मनात एक शंका उरली होती. प्रेत मिळालं नाही, म्हणजे कैद झाले असतील तर? रेडक्रॉसनं त्या काळच्या युद्धकैद्यांची कार्डं आणि याद्या खुल्या केल्यात, त्या धुंडाळल्या. नव्हते. बर्लिनजवळ भारतीय कैद्यांची छावणी होती, तिथं मेलेल्यांची दफनभूमी पूर्व जर्मनीच्या काळात सांभाळता येईना म्हणून त्यांची २१० नावं १९६४ मध्ये न्यूव्ह-शापेलच्या स्मारकावर एका ब्रॉन्झच्या पत्र्यावर घातली. अण्णा म्हणाले, तोही पत्रा डोळ्यांनी बघून येऊ.

२८ ऑक्टोबरलाच जायचं ठरवलं. लीलपर्यंत रेल्वे, तिथून भाड्याची गाडी. आई पुढच्या सीटवर, मांडीवर डबा. लील सोडल्यावर अर्ध्यापाऊण तासात रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना नुसती शेतं. बीट, बटाटा, नांगरून टाकलेली काळपट माती. बांध नाहीत, चर आहेत, आणि चरांत पाणी भरलेलं. इथं दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं. त्यामुळे खंदक नीट खणताच यायचे नाहीत, मातीच्या पोत्यांच्या भिंती उभाराव्या लागायच्या. खणण्यात मुरलेल्या पलटणीला नेमकी ही जमीन मिळावी.

स्मारक ला बासे रस्त्याच्या चौकात आहे. ब्रिटिश शिपायांनी त्या चौकाला पोर्ट आर्थर नाव ठेवलं होतं. लांबून पंधरा मीटर उंच दगडी खांब दिसतो, माथ्यावर कमळ, त्यावर मुकुट, पायाशी दोन वाघ. भोवती गोल आवार, अर्ध्या बाजूला सांचीच्या कठड्यासारखी कोरीव दगडी जाळी, अर्ध्या बाजूला भरीव भिंत. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा, ज्यांनी नवी दिल्लीतली सचिवालयं बांधली. ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालं, फ्रान्सचे सेनानी मार्शल फॉश आले होते, लेखक किपलिंग आले होते, कपूरथळ्याचे महाराज होते. २०२३ मध्ये युनेस्कोनं पश्चिम आघाडीवरची १३९ स्मृतिस्थळं जागतिक वारशात घेतली, त्यात हे आहे.

गाडी लावताना मी पाटी वाचली आणि अण्णांना सांगितलं की स्मारक नावानं न्यूव्ह-शापेलचं असलं तरी जमीन शेजारच्या रिशबूर कम्यूनच्या हद्दीत आहे. मग काय, ते गाडीतून उतरायच्या आधीच खूश. चौक ओलांडून, गावची वेस कुठून जाते, ओढा कुठला, असं सगळं बघून आले. आई फाटकापाशी ताटकळत उभी. “हद्द मोजायला आलाय का भेटायला?” तिनं विचारलं, तेव्हा आत आले.

भिंतीतल्या छोट्या कप्प्यात नावांची वही असते आणि अभिप्रायाची वही. नावांच्या वहीत नोंद बघून नेमक्या फळीपर्यंत जाता येतं. सॅपर्स अँड मायनर्सची फळी सापडायला पाच मिनिटं लागली. पलटण, हुद्दा आणि मग इंग्रजी वर्णक्रमानं नावं. शिंदे, जाधव, सिंग, खान, गुरुंग असं काही एका ओळीत येत नाही, ते पलटणीवार वाटले गेलेत. पण खडकीच्या पलटणीत मराठे, शीख, मुसलमान एकत्र होते, त्यामुळे या फळीवर तरी नावं एकमेकांत मिसळलेली आहेत. सगळी रोमन लिपीत. देवनागरी फक्त खांबावर, देव एक आहे अशा अर्थाच्या मजकुरात, अरबी आणि गुरुमुखीच्या शेजारी. म्हणजे इथं ज्यांची नावं आहेत त्यांतल्या बहुतेकांना, जिवंत असते तरी, स्वतःचं नाव वाचता आलं नसतं.

नाव डोक्याच्या थोडं वर होतं. अण्णांचा हात पोचला.

मला वाटलं होतं ते रडतील. त्यांनी खिशातून घडी केलेला तो पदकाचा कागद काढला, तीच पेन्सिल काढली, कागदाचा खालचा कोरा भाग दगडावर धरला आणि पेन्सिल फिरवायला लागले. वारा होता, मी आणि आईनं कागदाची टोकं धरली. पदकावरची अक्षरं उठावाची, ती कागदावर काळी आलेली. दगडावरची कोरलेली, ती पांढरी उमटली. एकाच कागदावर वर-खाली तेच नाव, वर एक स्पेलिंग, खाली दुसरं.

कैद्यांचा ब्रॉन्झचा पत्राही वाचला. त्यावर ते नाव नाही. अण्णांनी ‘हं’ केलं आणि तो विषय संपला.

आईनं डब्यातून करंज्या काढल्या. मी म्हटलं इथं खायला ठेवता येत नाही. ती म्हणाली ठेवतेय कोण. एक करंजी मोडून तिनं भिंतीशी चिमण्यांना चुरली आणि उरलेल्या आम्ही बाकावर बसून खाल्ल्या. रस्त्यापलीकडे पोर्तुगीजांची दफनभूमी आहे, १,८३१ कबरी. ९ एप्रिल १९१८ ला जर्मनांचा मोठा हल्ला झाला तेव्हा हा टापू पोर्तुगीज सैन्याकडे होता. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला गोवा आणि वसई आठवते. इथं त्यांची पोरं आमच्या पोरांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे.

दुपारी गावात गेलो. गाव म्हणजे विटांची घरं, एक चर्च, महापौरांचं कार्यालय, स्वतःच्या मृतांचं छोटं स्मारक. जुनं म्हणून एकही घर नाही. १९१४ मध्ये ते मोडकळीला आलं, मग १० मार्च १९१५ ला सकाळी साडेसातपासून ३५ मिनिटं त्यावर सुमारे ३४० तोफा चालल्या. या लढाईत ब्रिटिशांनी पहिल्यांदाच विमानातून फोटो घेऊन शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार केले होते. मीरत डिव्हिजन आणि ब्रिटिशांची ८वी डिव्हिजन यांनी त्या दिवशी गाव घेतलं. गढवाल रायफल्सच्या गबर सिंह नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच दिवसाचा. तीन दिवसांत ब्रिटिश सुमारे ७,००० आणि भारतीय सुमारे ४,२०० मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. पुढे १९१८ पर्यंत जे उरलंसुरलं होतं तेही गेलं.

एका शेताच्या कडेला सत्तरीचा एक शेतकरी ट्रॅक्टरची चाकं धूत होता. माझं फ्रेंच शिकवणीच्या दुसऱ्या पायरीचं, त्याचं इंग्रजी त्याहून कमी. आम्ही भारतातून आलोय म्हटल्यावर त्यानं नळ बंद केला. अण्णांनी मला प्रश्न भाषांतर करायला लावला, तो असा: सगळं गाव आणि सगळी शेतं उखडली गेली, तर पुन्हा कुणाचं शेत कुठलं हे कसं ठरवलं?

म्हातारा हसला. माझ्या आजोबांनी हेच भांडण दहा वर्षं केलं, म्हणाला. १९१९ मध्ये उद्ध्वस्त भागातल्या जमिनींच्या हद्दी नव्यानं आखायला आणि तुकडे एकत्र करायला खास कायदा झाला. नेपोलियनच्या काळात फ्रान्सभर जमीन मोजणी सुरू झाली, गावोगावचे नकाशे झाले. तसला जुना नकाशा, लोकांच्या साक्षी आणि कुठंतरी चिखलात सापडलेला एखादा हद्दीचा दगड, यांवरून आखणी झाली. अण्णांनी लगेच विचारलं, हरकती किती आल्या? माझ्या फ्रेंचनं तिथं मान टाकली. दोघं मग हातवाऱ्यांनी बोलत राहिले. एक बोट जमिनीवर रेघ ओढतंय, दुसरं ती पुसतंय, दोघं हसतायत.

म्हाताऱ्यानं आम्हाला बांधापाशी नेऊन गंजलेला तोफगोळा दाखवला, दुधीभोपळ्याएवढा. दर नांगरटीला निघतात. हात लावायचा नाही, कडेला ठेवायचा, सरकारी माणसं येऊन घेऊन जातात. याला ते लोखंडाचं पीक म्हणतात. आईनं दोन पावलं मागे घेतली.

निघताना तो म्हणाला, आमचा येशू बघितला का? मला वाटलं चर्चमधला. नाही, तो इथं नाही. या गावच्या शेतात रस्त्याकाठी एक क्रूस उभा होता, सगळं पडलं तरी तो उभा राहिला, पाय तुटले, गोळी लागली तरी. पोर्तुगीज शिपायांची त्याच्यावर भक्ती जडली. पुढे पोर्तुगालनं तो मागितला आणि १९५८ मध्ये फ्रान्सनं देऊन टाकला. आता तो बातालयाच्या मठात त्यांच्या अज्ञात सैनिकांच्या कबरीवर आहे. खंदकांतला ख्रिस्त म्हणतात त्याला.

मी आईला मराठीत सांगितलं. तिचा चेहरा पडला. “आणि गावानं जाऊ दिला?” मी विचारलं. म्हाताऱ्यानं खांदे उडवले. त्यांची दोन हजार पोरं इथं आहेत, म्हणाला, आमचा एक तिकडे.

रात्री लीलच्या हॉटेलात अण्णा माझ्या फोनवर जिल्हा अभिलेखागारानं टाकलेला गावचा जुना मोजणी नकाशा मोठा करून बघत बसले. एक बोट त्यावर, दुसऱ्या फोनवर आजचा उपग्रहाचा नकाशा. रस्त्यांची वळणं ओळखू येत होती. बाराला मी दिवा घालवला तरी ते बघतच होते.

घरी आल्यावर त्यांनी आयोगाकडे दुरुस्तीचा अर्ज करायचं काढलं. आडनावाचं आणि गावाचं स्पेलिंग चुकलंय, ते नीट करा. मी म्हटलं, अण्णा, शंभर वर्षं झाली, राहू द्या ना, आपल्याला कळलं ते पुरे. “नोंद चुकीची असताना सोडली तर मी तीस वर्षं केलं काय?” म्हणाले. अर्ज मी लिहिला, दुरुस्ती त्यांनी तीनदा केली. जोडायला पेन्शन बुकाचं पान, दोन्ही ठसे असलेला कागद आणि पदकाचा फोटो.

पदक गावाला. तिथल्या धाकट्या काकांना सांगितलं, स्वच्छ पुसून, उजेडात, अक्षरं दिसतील असा फोटो काढा. काकांनी काढून पाठवला. कपाळावरचं कुंकू ओघळून चौकटीतल्या नावावर आलेलं, वर झेंडूची पाकळी चिकटलेली. मी आईला म्हटलं, त्यांना सांग जरा कुंकू पुसून पुन्हा काढायला, नाव दिसत नाही.

आई म्हणाली, “ते पुसायचं नसतं.”

तोच फोटो जोडला.